कोरड्या शहरातला फवारा व्यर्थ नसतो

उन्हाळ्यात रस्त्यांवर तुषारयंत्रे बसवण्याची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: उघड्यावर पाणी फवारल्याने दमटपणा वाढून उकाडा उलट वाढतो, मिळालेला गारवा क्षणात उडून जातो आणि पाण्याची नासाडी तेवढी होते. यातला पहिला आक्षेप मुंबईपुरता बराचसा खरा आहे. कोरड्या हवामानात मात्र तो टिकत नाही.

पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी मुरले की तिचे तापमान सुमारे अडीच अंशांनी उतरते, पण ओले फडके गुंडाळलेला तापमापक दाखवील त्याच्या खाली ते जात नाही. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ही मर्यादा सुमारे २८ अंशांवर येते. ४० अंश आणि २० टक्के असेल तर २३ च्या आसपास. नागपुरात मे महिन्यात कूलर चालतो आणि मुंबईत तो निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हेच. शिवाय ४० अंशांची ती कोरडी हवा ३० अंशांपर्यंत उतरवली तरी तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्याच घरात राहते, आणि अशा हवेत घाम उत्तम वाळतो.

गारवा उडून जातो, हे मोकळ्या मैदानाबद्दल खरे आहे. म्हणूनच स्पेनमधील सेव्हिलच्या १९९२ च्या जागतिक प्रदर्शनात नुसते फवारे न लावता वेलींचे मांडव, झाडे आणि पाणी यांची एकत्र योजना केली होती. तिथल्या युरोप मार्गावरील उंच मनोऱ्यांच्या माथ्यावर तुषार सोडले जात आणि थंड होऊन जड झालेली हवा आपोआप खाली येई. सावली नसेल तर हवा थंड होऊनही अंग भाजतच राहते, हे सांगायला हवे.

पाण्याबद्दल थोडक्यात: एक लिटर पाण्याची वाफ जेवढी उष्णता शोषते, तेवढी काढायला वातानुकूलन यंत्राला साधारण पाव युनिट वीज लागते, आणि ते यंत्र ती उष्णता पुन्हा रस्त्यावरच सोडते.

खरा आक्षेप त्या मजकुरात नाहीच: साठून कोमट झालेले पाणी फवारल्यास त्यातले लिजिओनेला जिवाणू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात, त्यामुळे पाण्याचे निर्जंतुकीकरण आणि तोट्यांची सफाई यांची तरतूद नसेल तिथे अशा योजनेला विरोधच करावा.