पुढची नंबर प्लेट काढून गाडीला 'क्लीन लूक' देणाऱ्यांसाठी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने नव्या गाडीचा फोटो टाकला. हार, पेढे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं छान, अभिनंदनच. पण पुढे नंबर प्लेट नाही. खाली त्यानेच लिहिलंय की फ्रंट प्लेट काढून टाकली, बघा कसला क्लीन लूक आलाय. त्यावर बदामांचा पाऊस, अंगठे, "भारीच रे", "मी पण काढतो आता". एकालाही विचारावंसं वाटलं नाही की अरे का काढलीस? मी दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं, कारण ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं. म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मावशीला ओळखणारे इथे बरेच जण आहात. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी ती दूध आणायला निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी समोरून वळली आणि तिला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. मावशी रस्त्यावर पडलेली, शुद्धीवर होती, गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबलेली. आणि मग ती गाडी तशीच रिव्हर्स घेऊन गल्लीतून मागे निघून गेली. वळलीच नाही, त्यामुळे मागची प्लेट कोणाला दिसण्याचा प्रश्नच आला नाही. आणि पुढे प्लेट नव्हती. प्लेटच्या जागी स्क्रूची दोन भोकं आणि लोंबणारी लिंबू-मिरची. हे मी मनाने सांगत नाहीये, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय, गाडीचं तोंड, हेडलाईट, ती लिंबू-मिरचीसुद्धा. फक्त नंबर नाही.

पुढची प्लेट गाडीच्या मालकासाठी नसतेच मुळी, त्याला त्याचा नंबर पाठ असतो. ती असते गाडीच्या समोर जो उभा आहे त्याच्यासाठी. आपल्याकडे गाडीच्या समोर कोण असतं? चालणारा माणूस. फुटपाथवर टपऱ्या आणि लावलेल्या बाईक, म्हणून शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका सगळे रस्त्यावरून चालतात, आणि गाडी त्यांच्या अंगावर येते ती तोंडानेच येते ना. ज्याला ठोकलं त्याला गाडीची पुढचीच बाजू दिसते, आणि तीच तुम्ही कोरी करून ठेवणार, का तर फोटो चांगला येतो म्हणून!

पोलीस चौकीत फिर्याद लिहिली गेली 'अज्ञात वाहनचालका'विरुद्ध. मावशीने रंग सांगितला, लोगो सांगितला, लिंबू-मिरची सांगितली. तिथले साहेब चांगले होते, पण म्हणाले, मॅडम नंबर असता तर पाच मिनिटांत मालकाचं नाव काढून दिलं असतं, या रंगाच्या या गाड्या हजारो आहेत. बरोबरच आहे त्यांचं. नंबरावरून मालक सापडतो, मालकावरून इन्शुरन्स कंपनी. थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा कशाला केलाय? अशा वेळी जखमी माणसाला भरपाई मिळावी म्हणूनच ना. पण नंबरच नाही तर दावा लावायचा कोणावर? मग उरते ती सरकारची हिट अँड रनची योजना, १ एप्रिल २०२२ पासून गंभीर जखमी असेल तर ५० हजार आणि माणूस गेला तर घरच्यांना २ लाख. त्याआधी तर साडेबारा आणि पंचवीस हजार होते. खुब्याच्या ऑपरेशनचं बिल ज्यांनी भरलंय त्यांना ५० हजारांत काय होतं ते मी सांगायला नको. आणि त्यासाठीसुद्धा कागद घेऊन महसूलच्या ऑफिसात खेटे घालायचे.

हे लिहितानाच परत डोकं तापायला लागलंय.

माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात असतो, तो फोनवर म्हणाला, काकू इथे फक्त मागेच प्लेट असते, काही बिघडत नाही. असेल बाबा. तिथे बऱ्याच राज्यांत तसं आहे, फ्लोरिडातही, आणि ओहायोने तर २०२० मध्ये पुढची प्लेट बंद केली. पण तिकडेच कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सासमध्ये दोन्ही लागतात, ते काय वेडे आहेत? आणि आपल्याकडे नियम स्वच्छ आहे, पुढे एक आणि मागे एक. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न येतोच कुठे?

दुसरं म्हणजे ते प्लेटमुळे सेन्सर आणि हवा अडते वगैरे सांगणारे. भारतात विकायची गाडी बनवताना कंपनीने बंपरवर प्लेटची जागा ठेवलेली असते, तुमच्या माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यामुळे ते मला सांगू नका.

हां, एचएसआरपीचा, म्हणजे नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा, जो घोळ घातलाय तो मला मान्य आहे. अपॉइंटमेंट मिळेना, जुन्या गाड्यांना ती लावायची मुदत २०२५ मध्ये सारखी पुढे ढकलली, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. लोक वैतागले ते खरंच आहे. पण ती प्लेट बघा ना नीट एकदा. अ‍ॅल्युमिनियमची, डावीकडे चक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला नंबर, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. कोणी सहज काढू नये, बदलू नये म्हणूनच केलीय ती अशी. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना तर ती लागूनच येते. म्हणजे ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या या मुलाने ते लॉक ड्रिलने फोडून प्लेट काढली असणार. क्लीन लूकसाठी ड्रिल मारलं!

आणि फक्त काढणारेच नाहीत. ४१४१ चं 'दादा' करणारे, शेवटच्या आकड्यावर चिकटपट्टी लावणारे, प्लेट वाकवून ठेवणारे, पुढे भलामोठा लोखंडी गार्ड लावून नंबर त्याच्या आड घालणारे (तो गार्डसुद्धा बेकायदा आहे, २०१७ मध्येच केंद्राने कळवलंय). मराठीत नंबर लिहिणारेही, माझं मराठीवर प्रेम कोणापेक्षा कमी नाही, पण प्लेटवर नियम इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकड्यांचाच आहे आणि कॅमेऱ्याला तेच वाचता येतं. सीटबेल्ट नाही, हातात मोबाईल, हे कॅमेऱ्याला समोरूनच दिसतं, म्हणून पुढचीच प्लेट नको असते काहींना. झेंडे लावून फिरणाऱ्या मोठ्या गाड्यांबद्दल तर काय बोलायचं, त्यांना अडवायची कोणाची हिंमत नाही, आणि तेच बघून बाकीचे शिकतात.

हा मुलगा काही वाईट नाहीये, हे पण लिहायला हवं. लिफ्ट बंद असली की माझ्या सासऱ्यांची पिशवी वर आणून देतो. तो कोणाला ठोकून पळून जाईल असं मला अजिबात वाटत नाही. पण प्लेट काढायची पद्धत पडली की त्याच्या गाडीत आणि मावशीला उडवणाऱ्याच्या गाडीत रस्त्यावर उभ्या माणसाला फरक कसा कळायचा? चार चांगली पोरं बिनप्लेटची फिरली की पाचव्याला कोणी अडवत नाही, पोलीसही नाही.

मावशी आता वॉकर घेऊन घरात चालते. दूध घरपोच येतं. अजूनही मधेच विषय काढते, म्हणते, "अगं गाडी तर पूर्ण माझ्या समोर होती, नंबर असता तर मी नक्की वाचला असता." शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय तिने, आकडे लक्षात ठेवणं तिच्या हातचा मळ. तिला एकदा वाचायला तरी मिळायला हवा होता ना तो नंबर.

ज्यांच्या जुन्या गाड्यांना अजून नवी प्लेट लावायची राहिलीय, किंवा आईबाबांना ऑनलाइन जमत नाहीये, त्यांनी मला मेसेज करा. शनिवार-रविवारी बसून बुकिंग करून देते, बऱ्याच जणांची करून दिलीयेत. आरसी हाताशी ठेवा, चासिस आणि इंजिन नंबर लागतो. परिवहन विभागाच्या साईटवरूनच जा, सर्च करून आलेल्या भलत्या लिंकवर पैसे भरू नका. आणि फिटिंगला गेलात की पुढची आणि मागची दोन्ही प्लेट लावून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.