खटला अमेरिकेत, काळा पडदा कणकवलीत

जत्रांच्या हंगामात कणकवली-कुडाळच्या डीटीपीवाल्यांकडे हमखास येणारं काम म्हणजे मोबाइलवर रात्रभर घेतलेलं दशावताराचं शूटिंग. 64 जीबीचं कार्ड, चार-पाच लांबलचक फाइली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ताजा फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर पेटी-पखवाज व्यवस्थित ऐकू येतात, संकासुर मात्र दिसत नाही. नुसता काळा पडदा. गिऱ्हाईक म्हणतं कार्ड गेलं, दुकानदार म्हणतो हे फुकटचं लिनक्स असंच. दोघांचंही चुकतंय.

हल्लीचे बरेच मोबाइल व्हिडिओ एच.265 मध्ये साठवतात. त्या फॉरमॅटवर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत, म्हणून फेडोरा त्याचा डिकोडर, म्हणजे फाइल उलगडून चित्र दाखवणारा भाग, सोबत देतच नाही. 2022 मध्ये तर मेसा या ग्राफिक्सच्या पॅकेजमधली एच.264 आणि एच.265 ची हार्डवेअरवरची सोयही त्यांनी बंद केली. कोड चालत होता, त्यात बग नव्हता. कायद्याचा धोका नको म्हणून काढला, एवढंच. पेटंटांबद्दल बोलताना आपण निकाल, भरपाई, कोटींचे आकडे यांतच अडकतो. माझ्या मते खरं नुकसान कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचतच नाही. ते आधीच, गुपचूप, कोड कापून झालेलं असतं.

‘पण मी स्वतः लिहिलंय, कुणाचं चोरलं नाही’ हे उत्तर कॉपीराइटला चालतं, पेटंटला नाही. दुसऱ्याचा कोड आयुष्यात पाहिला नसेल तरी तीच पद्धत वापरली की अडकलात.

मग हद्द कुठली? कोकणातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण गडग्यावरून तीन पिढ्या दिवाणी दावे चालवणारे आपणच. पेटंटाच्या शेवटी जे क्लेम असतात ती खरेदीखतातली चतुःसीमा समजा. वरचं शीर्षक, गोषवारा, आकृत्या कितीही भयंकर वाटोत, हद्द ठरते क्लेमवरून. आणि क्लेममध्ये चार घटक असतील तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये चारही लागतात. तीनच असतील तर साधारणपणे तुम्ही गडग्याच्या बाहेर.

याचं झकास उदाहरण 2009 चं. मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या गाडीत वाट दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. त्यातली काही पेटंटं फॅट या, कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीतल्या (फाइल सिस्टिम) लांब नावांची होती, आणि टॉमटॉमच्या यंत्रांत लिनक्स होतं. साधारण महिन्याभरात तडजोड झाली, पण हादरा लिनक्सवाल्यांना बसला. ओपन सोर्सवाले प्रोग्रॅमर अँड्र्यू ट्रिजेल यांनी क्लेम नीट वाचले. मुद्दा होता एकाच फाइलला लांब नाव आणि जुन्या पद्धतीचं आठ अधिक तीन अक्षरांचं आखूड नाव, अशी दोन्ही देण्याचा. त्यांनी पॅच असा लिहिला की एका फाइलला दोन्ही नावं कधी पडूच नयेत. एक खुंटी उपटली, चतुःसीमा मोडली. (वकील आणि प्रोग्रॅमर एकाच डोक्यात असावेत, ते असे.)

32 जीबीच्या वरच्या कार्डांवर फॅटचा पुढचा अवतार एक्सफॅट येतं, त्याचीही हीच कथा. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2019 मध्ये त्याचा तपशील खुला केला, तेव्हा कुठे तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, रीतसर आला. त्याआधीच्या कर्नलवर वेगळं पॅकेज टाकल्याशिवाय कार्ड उघडत नाही.

आता पैशाचं गणित. त्याच 2019 साली रॉथशील्ड पेटंट इमेजिंग या कंपनीने लिनक्सचा ग्नोम डेस्कटॉप सांभाळणाऱ्या ग्नोम फाउंडेशनवर दावा लावला. निमित्त शॉटवेल हा फोटो सांभाळणारा साधा प्रोग्रॅम. मिटवायला मागितलेली रक्कम पाच आकडी डॉलरांत, तीही वरच्या टोकाची. ही रक्कम मुद्दाम खटल्याच्या खर्चापेक्षा कमी ठेवलेली असते, म्हणजे देणारा म्हणतो जाऊ दे, देऊन टाकू. ग्नोमने दिले नाहीत. लोकांनी दीड लाख डॉलरच्या वर वर्गणी काढली, वकील फुकट उभे राहिले, आणि मे 2020 मध्ये तडजोड झाली ती नुसत्या ग्नोमपुरती नाही: मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सखालच्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर रॉथशील्डच्या पेटंटांचा दावा न लावण्याची. मस्तच झालं. पण असे वकील आणि अशी वर्गणी एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या प्रत्येक मेंटेनरला कुठून मिळणार?

लिनक्सला पेटंटांपासून वाचवायला ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क ही संस्था 2005 पासून आहे, सदस्यत्व जरूर घ्या. मात्र ती ढाल ‘तू मला ओढलंस तर मी तुला ओढीन’ या तत्त्वावर चालते. पेटंट ट्रोल स्वतः काही बनवतच नाही, पेटंटांवर नुसती वसुली करतो. स्वतः एक कलम न लावता दुसऱ्याच्या बागेच्या वाटेवर टोल मागत बसलेल्याला काय ओढणार?

रत्नागिरी-सावंतवाडीत बसून प्रोजेक्ट चालवणाऱ्याला नोटीस आलीच, तर उलट मेल करू नका आणि प्रोजेक्टच्या जाहीर इश्यू ट्रॅकरवर (तक्रारींच्या यादीत) ‘हो, आपण असंच करतो’ असं तर अजिबात लिहू नका. पेटंट जिवंत आहे का ते आधी बघा. मुदत अर्जापासून 20 वर्षं, पण अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते, ती नंतरच्या सहा महिन्यांच्या सवलतीतही भरली नाही की पेटंट मेलं. मग मुख्य क्लेमचे तुकडे करून समोर आपला कोड मांडा. तीच पद्धत वापरणारं, पण त्यांच्या अर्जाच्या प्राधान्य तारखेआधीचं (नवेपणा जिच्यापासून मोजतात ती तारीख) सॉफ्टवेअर शोधा. गिटमधली (कोडच्या बदलांच्या नोंदवहीतली) तारीख कुणीही बदलू शकतो, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या स्नॅपशॉट संग्रहातली जुनी पॅकेजेस जास्त वजनदार.

पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. त्यातल्या ‘नुसत्या’ या शब्दावर वकिलांची घरं चालतात हे खरं, तरी भिंत आहे. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम 106 खाली तुम्हीच दावा लावू शकता. पण ‘आमचं असं पेटंट आहे’ एवढंच कळवणं धमकीत मोडत नाही. तुमच्यावरचा दावा ओरोसच्या जिल्हा न्यायालयात लागला तरी पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा टाकलात की प्रकरण हायकोर्टात जातं. वकिलाच्या फीचा अंदाज तेवढा आधी घ्या.

लायसन्स निवडताना एमआयटीपेक्षा अपाची 2.0 बरं. त्यात योगदान देणारा स्वतःच्या पेटंटाची परवानगीही देतो, आणि त्या सॉफ्टवेअरवर जो पेटंटाचा दावा लावेल त्याला मिळालेली पेटंटांची परवानगी जाते. बाहेरच्या ट्रोलपुढे मात्र याचा उपयोग शून्य.

राहिला काळा पडदा. फेडोरा जे देत नाही ते देणारा आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा संग्रह चालू करा, व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेगची कापलेली आवृत्ती एफएफएमपेग-फ्री काढून पूर्ण एफएफएमपेग टाका. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर मेसाचे फ्रीवर्ल्ड ड्रायव्हर्सही घ्या. एवढी खटपट नको असेल तर फ्लॅटहब या अ‍ॅपच्या भांडारावरून व्हीएलसी, निदान बघायला तरी मिळेल. आणि शूटिंगवाल्याला पुढच्या जत्रेआधी सांगून ठेवा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.264 निवड (हार्डवेअरवरची सोय गेली तरी ते फेडोरावर सॉफ्टवेअरने चालवता येतं). फाइली चांगल्याच फुगतील, कार्ड 128 चं आण.