कोन्सेन्तो तिकडे आहे

जपानला निघताना मला धास्ती होती ती कांजीची, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांची. इंग्रजी शब्दांची नव्हे. परक्या शब्दांसाठी तिथे काताकाना ही वेगळी लिपीच आहे म्हटल्यावर तर मी निर्धास्त झालो. इंग्रजी आपल्याला येतंच की! अख्खं इंजिनिअरिंग, रखडत का होईना, त्यातच झालं.

पहिला दणका तोक्योतल्या एका कॅफेत बसला. लॅपटॉपची बॅटरी चार टक्के. काउंटरवरच्या मुलीला चार्जर दाखवला, तर ती कमरेत वाकून म्हणाली, "कोन्सेन्तो वा आचिरा देसु." आचिरा म्हणजे तिकडे, एवढं येत होतं. पण कन्सेंट तिकडे? म्हटलं, कागदपत्रांची पक्की माणसं, विजेसाठीही संमतिपत्र भरून घेत असतील. कोपऱ्यात जाऊन फॉर्म शोधला. साखरेच्या पुड्या उचलून पाहिल्या, पासपोर्टही काढून ठेवला. शेवटी तीच आली आणि टेबलाखाली हात दाखवला. भिंतीत दोन उभ्या फटी. कोन्सेन्तो म्हणजे सॉकेट! कॉन्सेंट्रिक प्लग नावाच्या जुन्या प्रकाराचं शेपूट छाटून केलेला शब्द. माझ्या पिनेला तीन गोल पाय. संमती मिळाली, वीज नाही.

छाटाछाटीत या मंडळींचा हात कोणी धरणार नाही. पर्सनल कॉम्प्युटरचा पासोकोन, रिमोट कंट्रोलचा रिमोकोन. बिल्डिंग म्हणजे बिरु आणि बीअर म्हणजे बीरु. शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी ज्याचे गुण कापले गेले, त्याने संध्याकाळी इथे पत्ता विचारू नये.

मी राहतो मान्शोनमध्ये. आईने गावभर सांगितलंय, "मुलगा मॅन्शनमध्ये राहतो." मान्शोन म्हणजे सिमेंटच्या इमारतीतला फ्लॅट. माझा २० चौरस मीटर, म्हणजे २१५ चौरस फूट. गादी घातली की कपाट उघडत नाही.

पण खरा घात केला तेन्शोनने. प्रोजेक्ट वेळेत संपला, मी खुशीत शीळ घालत होतो. शेजारचे साहेब हसून म्हणाले, "आज तेन्शोन ताकाई!" ताकाई म्हणजे उंच. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "छे छे, तेन्शोन अजिबात नाही. मला कधीच नसतं." त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी टेबलावर मुकाट्याने शक्तिवर्धक पेयाची बाटली ठेवलेली. तेन्शोन चढणं म्हणजे अंगात उत्साह संचारणं, हे मला आठवड्याने कळलं. आपल्याकडे टेन्शन डोक्याला येतं, यांच्या अंगात येतं.

पुढे आई आली. जेवणानंतर फिरताना मी सवयीने एक पाटी मोठ्याने वाचली, "पान."

"अगंबाई, इथे पान मिळतं? बनारसी की मगई?" म्हणत ती आत शिरलीसुद्धा. बाहेर आली ती हातात पावाची लादी घेऊन. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, यांना पान. हे मी तिला समजावून सांगायला लागलो. तिने लादी दाबून पाहिली.

"ताजी आहे रे. कात-चुन्याचं राहू दे, घरी मस्का आहे ना?"