कलर डॉपलर म्हणजे बाळंतपणाचं भविष्य नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नवव्या महिन्यात सगळ्यांनी कलर डॉपलर करावी. नॉर्मल आली तर बाळंतपणात गुंतागुंत होत नाही. बिघडलेली असली किंवा नाळेचा वेढा दिसला तर लगेच सिझेरियन.’

नॉर्मल म्हणजे निर्धास्त? डॉपलर ही सोनोग्राफी रक्तप्रवाह दाखवते, तोही तपासणीच्या वेळचा. नाळेच्या धमनीचा पीआय (रक्तप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा) वाढला की वारेतला अडथळा वाढलाय, एवढं कळतं. खांदा अडकणं, नाळ आधी बाहेर येणं, वार अचानक सुटणं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांचा त्यात मागमूस नसतो. शिवाय ३२ आठवड्यांनंतर वाढ खुंटलेल्या बाळांतही नाळेचा पीआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो. तिथे बाळाच्या मेंदूतली एमसीए ही धमनीही बघावी लागते. आणि बाळाची हालचाल मंदावली, तर कालचा नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवून आजच दवाखाना गाठायचा.

‘बिघडली’ हा शब्दही फार ढोबळ आहे. नुसता पीआय वाढलाय, दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबलाय की उलटा वाहतोय, यावर घाई ठरते. सोबत आठवडे, बाळाचं वजन आणि सीटीजी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) पाहतात. त्याआधी मोजमाप तरी धड झालंय का? वॉल फिल्टर (मंद गतीचे संकेत गाळणारी यंत्रातली सेटिंग) चढा ठेवला, तर आलेखाच्या शून्य रेषेलगतचा मंद प्रवाह पडद्यावरून पुसला जातो आणि धडधाकट बाळाच्या रिपोर्टवर ‘प्रवाह नाही’ असं येतं. फिल्टर ६० हर्ट्झच्या आत हवा, ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांतला कोन ३० अंशांच्या आत, बाळ शांत, नाळेचा तरंगता भाग आणि आलेखात निदान ३ एकसारख्या लहरी. पीआय बाळाच्या पोटाजवळ जास्त भरतो, वारेजवळ कमी. एकदा इथे, एकदा तिथे मोजून ‘वाढला’ म्हणण्यात अर्थ नाही.

वेढ्याचं थोडक्यात: दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती तो जन्मताना असतोच. केवळ त्यापायी सिझेरियन लागत नाही.

‘सगळ्यांनी करावी’ हेही नको. वाढलेलं बीपी, खुंटलेली वाढ अशा जोखमीच्या गरोदरपणात नाळेच्या डॉपलरमुळे बाळांचे मृत्यू कमी होतात. जोखीम नसलेल्यांत तसा फायदा दिसलेला नाही.

अंदाज बांधायला डॉपलर खरोखर उपयोगी पडते ती ११ ते १४ आठवड्यांत. गर्भाशयाच्या धमन्यांचा पीआय, बीपी आणि रक्तातलं पीएलजीएफ (वारेतून येणारं प्रथिन) एकत्र मांडून प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होणाऱ्या आजाराची, जोखीम काढतात. ती जास्त निघाली, तर डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत रात्रीची १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करतात. मेसेजवाल्यांच्या नवव्या महिन्यात ती वेळ कधीच टळलेली असते.