झिजलेल्या शिव्या

शिव्यांविषयीच्या एका लेखात, शिवीऐवजी सौम्य शब्द वापरणे हा निव्वळ दांभिकपणा आहे, असे म्हटले आहे; ते मत मला पटत नाही. ‘च्यायला’, ‘शिंच्या’ हे शब्द मुळात आईवरून दिलेल्या शिव्यांचेच अवशेष आहेत, हे खरे. परंतु उच्चार झिजता झिजता त्यांतील आई बोलणाऱ्याच्या मनातून निघून गेली आणि उरला तो केवळ वैताग. ही झीज मला भाषेचे शहाणपण वाटते. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या घरी आजी रागावली की ‘मेल्या’, ‘मुडद्या’ म्हणत असे. शब्दशः पाहिले तर तो मृत्यूचा शाप, पण त्याच हाताने ती पुढ्यात भाकरी वाढी, त्यामुळे आम्हा नातवंडांना धाक वाटला तरी तो शब्द कधी लागला नाही.

बेळगावात मात्र एक वेगळी अडचण आहे आणि ती लेखात यायला हवी होती. येथील मराठी मुले कन्नड शिव्या सहज देतात, कारण परक्या भाषेतील शिवीचा भार देणाऱ्याला जाणवत नाही. ऐकणाऱ्या कन्नड शेजाऱ्याला मात्र ती पुरेपूर झोंबते. (उलट बाजूनेही हेच घडते.) तरुणपणी बाजारात एका हमालाला मी अशीच एक शिवी थट्टेत दिली होती. ती त्याच्या आईवरून होती, हे मला त्याचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली आणि त्यानंतर ती शिवी पुन्हा उच्चारली नाही.