बीट-गूळ ठीक, पण रक्त जातंय कुठून?

एका लेखात सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं हिमोग्लोबिन वाढवायला बीट, खजूर, गूळ सुचवलाय. खा की! पण रक्त जातंय कुठून, ते आधी बघा. लिव्हर कडक झालं की लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या, जठरातल्या शिरा फुगतात. कधी रक्ताची उलटी होते, कधी नुसतंच झिरपत राहतं. आमचे काका इथे सोलापुरात यंत्रमागावर होते, दारूचा थेंब नाही, सिरॉसिस झाला हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट व्हायचं, घरचे म्हणायचे लोहाच्या गोळ्यांनी होतंय. गोळ्यांनीही काळं होतं, पण असं चिकट, उग्र वासाचं नाही; ते आत झिरपलेल्या रक्ताचं. एंडोस्कोपीतून (तोंडातून दुर्बीण घालून) फुगलेल्या शिरांना बँड लावले, पोर्टल शिरेतला दाब कमी करणारं प्रोप्रानोलॉल सुरू झालं. आणि हो, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक या रुग्णांना देऊच नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.