मोठ्या सेंटला चिंच लावू नका

"अमेरिकेचा जुना तांब्याचा मोठा सेंट असेल तर चिंच-मिठाने लख्ख करा, अक्षरांत जरा फरक दिसला की तो दुर्मिळ, चीर दिसली तर एरर कॉइन (पाडताना चूक झालेलं नाणं), आणि साल 1804 असेल तर नशीबच उघडलं." हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मोठा सेंट म्हणजे अमेरिकेचं जुनं, आकाराने मोठं, एका सेंटचं नाणं. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने तो वाचून चिंच भिजत घातली, म्हणून हे तातडीने लिहितोय.

आधी चिंच. तांब्याचं भांडं चिंचेने उजळतं, कारण आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. नाण्यावर तोच थर म्हणजे दोनशे वर्षांत जमलेला पृष्ठभाग. तो गेला की खालचा गुलाबी धातू उघडा पडतो आणि मूळ रंग परत येत नाही. मिठाने घासल्यावर रेघा पडतात त्या वेगळ्याच. शिवाय व्हरायटी, म्हणजे नाणं नेमक्या कोणत्या साच्यांच्या जोडीने पाडलंय ते, ज्यांवरून ठरतं त्या खुणा (मागच्या बाजूच्या माळेतल्या पानाचं टोक, बेरीचा देठ, कडेचे दातेरे) मुळातच उथळ असतात. पहिला घाव त्यांच्यावरच. मळ चिकट असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या, नाणं काही मिनिटं बुडवा, अजिबात घासू नका. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. हिरवा गंज ॲसिटोनने जात नाही. तो जाणकाराला दाखवा.

अक्षरांतल्या फरकाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सुरुवातीच्या डायवर (नाणं पाडायच्या साच्यावर) अक्षरं आणि आकडे एकेक करून हाताने ठोकत, त्यामुळे प्रत्येक डाय वेगळी. 1801 च्या एका मागच्या डायवर तर 1/100 या अपूर्णांकाऐवजी 1/000 आहे. 1794 च्या एकीवर दातेऱ्यांच्या मधे 94 इवले तारे आहेत. पण वेगळं म्हणजे दुर्मिळ नव्हे. या सेंटचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांच्या 1958 च्या 'पेनी व्हिम्झी' या ग्रंथात 1793 ते 1814 च्या सेंटच्या पुढच्या-मागच्या डायच्या जोड्यांना क्रमांक आहेत आणि त्यांतल्या कित्येक सहज मिळतात. तिरप्या उजेडात भिंगाखाली आधी मागची बाजू बघा: अपूर्णांक कुठे बसलाय, बेऱ्या किती, पानाचं टोक कोणत्या अक्षराखाली येतं. मग पुढची बाजू, सालाचे आकडे आणि वरच्या स्त्रीच्या चित्राचा खांदा यांमधलं अंतर. दोन्ही बाजू एकाच क्रमांकाशी जुळल्या तरच ओळख पक्की.

चिरेचं उत्तर सोपं आहे. डायला तडा गेला की नाण्यावर रेघ उंचावलेली दिसते. खोल गेलेली रेघ म्हणजे बहुधा ओरखडा. उंच रेघेनेही व्हरायटी बदलत नाही, त्याच डायची ती पुढची अवस्था.

आता 1804. या सालाच्या खऱ्या सेंटची डायची जोडी एकच, शेल्डन 266. सालातल्या 0 वर एक बोट ठेवा आणि मागून दुसरं बोट बरोबर त्याच्यासमोर टेका. ते मागच्या 'UNITED STATES OF AMERICA' मधल्या OF च्या O वर आलं पाहिजे. नाही आलं, तर बहुधा दुसऱ्या सालाचा आकडा कोरून 4 केलाय. मागे अपूर्णांकच नसेल तर ते 1860 च्या आसपास टांकसाळीबाहेर, 1820 च्या मागच्या डायने पाडलेलं नाणं. 1799 च्या बाबतीतही शेवटचा 9 भिंगाखाली नीट बघा, 1798 चा 8 खरवडून केलेले नग बाजारात आहेत.